रिकामं वजन

उद्यमनगरात, शटर अर्धं ओढून,
चलनाच्या पाठकोऱ्या कागदावर
मी आणि इलाही मुजावर
दोन विमानं शेजारी शेजारी मांडतो.
मधे एक उभी रेघ.

डावीकडचं वरच्या पंखांचं,
छत्री उघडून एसटीची वाट बघणाऱ्या मास्तरासारखं.
उजवीकडचं खालच्या पंखांचं, वर काचेचा घुमट,
उभं असलं तरी पळतंय असं वाटणारं.
दोन्हींत जागा दोघांची. इंजिन तेच,
शंभर घोड्यांचं, शिलाई मशीनसारखं बारीक बोलणारं.
कायदाही तोच:
सहाशे किलोच्या वर जमीन सोडायची नाही.

वेग. डावं पंच्याण्णव नॉट, उजवं एकशे वीस.
इलाही उजव्या आकड्याखाली दोन रेघा ओढतो.
चाळीस वर्षं लाकडी पॅटर्न कोरले या माणसानं,
ओतकामात बीड किती आकसेल ते आधी धरून,
कधी घाई म्हणून केली नाही.

मी आणखी एक ओळ घालतो:
पडायच्या आधी किती हळू होता येतं.
डावं अडतीस. उजवं चव्वेचाळीस.
"हे कोण विचारतंय मर्दा?"
साठी उलटलेला विचारतो.
उजळाईवाडीला आडवा वारा सुटल्यावर
धावपट्टी तिरकी दिसायला लागते, तेव्हा विचारतो.

मग वजनं.
डावं रिकामं तीनशे बावन्न.
उजवं तीनशे अठ्ठ्याण्णव: चामड्याच्या गाद्या, दोन पडदे,
काय काय भरलंय त्यात.
मी चौऱ्याऐंशी. इलाही ब्याण्णव, तेही त्याच्या तोंडचे.
अख्ख्या विमानाचं पॅराशूट चौदा.
डावीकडं पेट्रोलला अठ्ठावन्न किलो उरतात.
उजवीकडं बारा.

"बारा किलोत कुठवर जाईल?"
"पन्हाळा. बघून लगेच माघारी."
"पॅराशूट काढून टाकूया."
"तुला काढून टाकूया."
तो हसला नाही.
पेन्सिलीला टोक काढत बसला, टोक असताना.

तेवढ्यात विजयमाला डबा घेऊन आली.
कागद उलटा धरून वाचला तिनं,
बँकेत असताना वाचायची तसा, खालून वर.
"माझा रकाना कुठाय?"

आम्ही दोघंही गप्प.
भंगाराच्या काट्यावर सकाळची कास्टिंगं होती,
ती तिनंच इलाहीला उतरवायला लावली.
"चपला काढू?"
"राहू दे. वर काय अनवाणी बसणार आहेस?"
तबकडीतला काटा डुलला, थांबला. एकसष्ट.

मी उजवीकडं बेरीज मांडली.
बाराचे त्रेचाळीस झाले.
साठ लिटर. तीन तास.
रत्नागिरी, समुद्रावर एक वळसा, आणि परत.
माझ्या हातातली पेन्सिल त्या आकड्यावर जरा जास्तच वेळ राहिली,
आणि इलाहीनं ते बघितलं.

म्हणजे डावं घेतलं तर हा,
उजवं घेतलं तर ही.
हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं.

विजयमालानं डब्याची झाकणं उघडली.
"कशातनं खाली दिसतं?"
"डाव्यातनं. पंख वर असतोय."
"मग ते. आभाळ मी गच्चीवरनं रोज बघते."
आणि भाकरीचा पहिला तुकडा
तिनं इलाहीच्या हातावर ठेवला.

किमतीचा रकाना तसाच कोरा होता.
तो कोणी भरायला घेतला नाही.
इलाहीनं कास्टिंगं पुन्हा काट्यावर चढवली,
एकेक, दोन्ही हातांनी.
तो काटा दोन किलो जास्त दाखवतो,
गेल्या दिवाळीपासून.
तिघांनाही माहीत होतं.
ते दोन किलो पेट्रोलमध्ये धरायचे
की तिच्या चपलांमध्ये,
ते अजून ठरायचंय.